साठवायचे काय आणि काय नाही: सुमनताई साळवे यांचे काम

सुमनताई साळवे यांची आणि माझी पहिली भेट एका तक्रारीमुळे झाली आणि ती तक्रार घेऊन मीच गेलो होतो.

मी तेव्हा बदलापूर पूर्वेच्या एका शाळेत लिपिक होतो. संगणकाला हात लावायला न घाबरणारा माणूस म्हणून शाळेच्या वेबसाइटचे काम माझ्या गळ्यात पडले होते. प्रवेशाचे दिवस होते. एका सकाळी मुख्याध्यापिका बाईंनी मला आत बोलावले आणि आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. पत्ता शाळेचा होता, पण पडद्यावर बायकांच्या गाऊनची चित्रे होती आणि खाली लिहिले होते, 'होलसेल रेट, डझनाच्या खाली माल मिळणार नाही.'

"म्हसकर," बाई म्हणाल्या, "पालक हे बघतायत."

आमची साइट उल्हासनगरच्या कुणा साळवे मॅडमच्या सर्व्हरवर आहे, एवढेच मला ठाऊक होते. कॅम्प नंबर चारमध्ये, म्हणजे जुन्या निर्वासित छावणीवरून नाव पडलेल्या वस्तीत, कपड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचे ऑफिस सापडले. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. मॅडमनी खुर्ची पुढे केली, माझे सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "शाळेने नवीन नाव घेतलंय का साइटला?" घेतले होते. ते त्यांना कळवायचे राहून गेले होते. त्यांच्या सर्व्हरला ते नाव ओळखीचे नव्हते, म्हणून त्याने यादीतली पहिली साइट काढून दाखवली. ती नेमकी खालच्या दुकानदाराची निघाली.

एवढ्यात ते शेठ स्वतःच वर आले. कॅम्पातले सिंधी व्यापारी मॅडमना 'अदी' म्हणतात, म्हणजे मोठी बहीण. शेठ म्हणाले, "अदी, दो दिन तो रहने दो. बदलापूरसे बहुत फोन आ रहे हैं." मॅडम त्यांच्याशी अस्खलित सिंधीत काहीतरी बोलल्या आणि शेठ हसत जिना उतरून गेले. मग त्यांनी माझ्यासमोर मुख्याध्यापिका बाईंना फोन लावला. "नाव कळवलं नाहीत ही तुमची चूक लहान आहे," त्या म्हणाल्या, "माझी मोठी आहे. ओळख पटली नाही तर दारातच थांबवायचं, कुणाच्याही घरात पाठवायचं नाही, हे मी आधीच लिहून ठेवायला हवं होतं." त्या दिवसापासून त्यांच्या सर्व्हरवर अनोळखी नावाला कोरे पान मिळते.

वर्षभराने मी शाळेची नोकरी सोडली आणि त्यांच्याकडे रुजू झालो. तेव्हापासून आजपर्यंत त्यांच्याच हाताखाली काम करतो आहे.

हा गौरवग्रंथ हाती घेणाऱ्यांत मॅडमचे नातेवाईक आहेत, विहारातली मंडळी आहेत, व्यापारी आहेत. यातल्या पुष्कळांनी मला विचारले आहे, "मॅडम नक्की करतात तरी काय?" म्हणून थोडे सांगतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या पुष्कळ लहान संस्थांच्या आणि दुकानांच्या वेबसाइट मॅडम सांभाळतात. प्रत्येकीसाठी वेगळे मोठे यंत्र कुणाला परवडत नाही. म्हणून या सगळ्या साइटच्या पुढे त्यांनी एक सर्व्हर ठेवला आहे. त्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. कुठल्याही साइटवर येणारा माणूस आधी या सर्व्हरपाशी येतो. कोणती साइट हवी ते बघून हा सर्व्हर मागच्या योग्य यंत्राकडून पान आणून देतो आणि त्या पानाची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो. पुढच्या माणसाने तेच पान मागितले तर मागे न जाता ती प्रत देतो. शेठना मॅडमनी हे त्यांच्याच धंद्याच्या भाषेत समजावले होते. रोज खपणारा माल काउंटरवर काढून ठेवला की प्रत्येक गिऱ्हाइकासाठी गोदामात पळावे लागत नाही. काउंटरवरच्या या साठ्याला आमच्या धंद्यात 'कॅश' म्हणतात. एकदा मॅडमनी फोनवर शेठना सांगितले, "तुमची कॅश साफ करावी लागेल." शेठ धावत वर आले होते.

मॅडम मूळच्या कॅम्पातल्याच. वडील गिरणीत कामाला होते. शेजार सगळा सिंधी, त्यामुळे ती भाषा त्यांना लहानपणापासून येते. पदविका घेऊन त्या टेलिफोन खात्यात लागल्या आणि स्वेच्छानिवृत्तीनंतर त्यांनी हा व्यवसाय सुरू केला. त्या वयात बायका घरात बसून आराम करतात, असे त्यांना अनेकांनी सुनावले. त्यांचे यजमान अंबरनाथला कारखान्यात होते. ते मात्र म्हणाले, "घरात बसलीस तर मला शिकवत बसशील. त्यापेक्षा ऑफिस घे."

काम शिकवताना मॅडमची एक अट असे. जे करणार आहात ते आधी मराठीत तोंडाने सांगायचे. इंग्रजी शब्दांच्या आड लपता यायचे नाही. मी पहिल्यांदा सर्व्हरची फाइल बदलायला बसलो तेव्हा तीन बदल एकदम केले आणि अंबरनाथच्या एका दवाखान्याची साइट उघडेना. त्या रागावल्या नाहीत. जुनी फाइल जागेवर ठेवून त्यांनी विचारले, "आता सांगा, तीनपैकी कशाने बंद पडली?" मला सांगता येईना. "म्हणून एका वेळी एकच बदल," असे म्हणून त्या आपल्या कामाला लागल्या. त्यानंतर एका वेळी दुसरा बदल करायला माझा हात आजवर धजावलेला नाही.

मात्र मॅडमविषयी एकच गोष्ट सांगायची म्हटली तर मी पुढची सांगेन. ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिला लिहिण्यापूर्वी मी विचारले. तिने मसुदा वाचला, एक वाक्य काढायला सांगितले, ते काढले. तिचे नावही इथे बदलले आहे. तिला आपण अश्विनी म्हणू.

आमच्या सर्व्हरवर एका वधू-वर सूचक मंडळाची साइट होती. रविवारी संध्याकाळी घरोघरची माणसे स्थळे बघायला बसत आणि साइट रडतखडत चाले. मंडळाचे कार्यवाह अण्णा वैतागून गेले होते. मॅडमनी ती साइट प्रॉक्सीमागे घेतली आणि ती भराभर चालू लागली. सगळ्यांनी पाहायची पाने काउंटरवर राहत. पण लॉगिन केलेल्या माणसाची गोष्ट वेगळी असते. त्याच्या ब्राउझरला साइट एक ओळखचिठ्ठी देते. मॅडमचा नियम असा होता की ही चिठ्ठी दिसली की त्या माणसाचे पान साठवायचे नाही, थेट मागून आणायचे आणि त्यालाच द्यायचे. हे बरेच दिवस नीट चालले.

मग मंडळाने बाहेरच्या एका प्रोग्रॅमरकडून साइट नव्याने करून घेतली. नव्या साइटमध्ये त्या चिठ्ठीचे नाव बदलले. आम्हाला कुणी कळवले नाही, कळवायला हवे हे कुणाच्या ध्यानातही आले नसावे. आमचा सर्व्हर जुन्या नावाची चिठ्ठी शोधत राहिला. ती सापडेना, म्हणून लॉगिन केलेला प्रत्येक माणूस त्याला नुसता पाहुणा वाटू लागला. नवी साइट सुरू झाल्यावरच्या रविवारी 'माझी माहिती' हे पान पहिल्यांदा अश्विनीने उघडले. ते साठवले गेले. त्यानंतर ज्याने ज्याने आपली माहिती बघायला बोट टेकवले, त्याला अश्विनीचे पान दिसले. त्यात तिचा फोन होता, पत्ता होता आणि फक्त मंडळासाठी लिहिलेल्या रकान्यात तिच्या पहिल्या लग्नाचा आणि घटस्फोटाचा उल्लेख होता.

ते पान पाहणाऱ्यांत अंबरनाथच्या एक बाई होत्या. त्यांच्या मुलाशी अश्विनीची बोलणी चालली होती, दोघे एकदा भेटलेही होते. त्या बाईंनी अश्विनीच्या वडिलांना फोन केला, वडिलांनी अण्णांना, अण्णांनी मॅडमना.

मी ऑफिसात होतो. मॅडमनी फोनवर फक्त "बंद करते" एवढेच म्हटले. त्यांनी मंडळाच्या साइटचा सगळा साठा पुसला, साठवणे थांबवले आणि मग काय झाले ते शोधायला बसल्या. चिठ्ठीचे बदललेले नाव लवकरच सापडले. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि म्हणालो, "म्हणजे चूक त्या प्रोग्रॅमरची आहे."

"दार कुणाचं आहे?" मॅडमनी विचारले. 

थोड्या वेळाने अण्णा स्वतः आले. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. "मॅडम, आता बंद झालंय ना? मग कशाला वाढवता? मी त्या मुलीच्या वडिलांना समजावतो. बाकी कुणाला काय कळलंय! मंडळाचं नाव खराब होईल."

"अण्णा, उद्या सकाळी मी त्यांच्या घरी जाणार आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही याल तर बरं. नाही आलात तरी मी जाणार."

अण्णा आले नाहीत. मी गेलो.

अश्विनीचे घर बदलापूर पश्चिमेला, नव्या इमारतीत. वडील आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. त्या दिवशी ते कामावर गेले नव्हते. त्यांनी दार उघडले, पण बसा म्हणाले नाहीत. मॅडमनी उभ्या उभ्याच आपले नाव सांगितले आणि काय झाले ते साध्या शब्दांत सांगितले. प्रोग्रॅमरचा उल्लेख केला नाही.

वडिलांचा तोल गेला. "पोरीची अब्रू चारचौघांत उघडी केलीत आणि आता सॉरी बोलायला आलात? किती वर्षं लागली तिला परत उभं राहायला, माहितीय? तुमच्या कॉम्प्युटरला काय त्याचं!" ते बराच वेळ बोलत होते. मला मध्ये काहीतरी म्हणावेसे वाटले, मॅडमनी नुसत्या नजरेने थांबवले. ते दमले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "अजून काही बोलायचं असेल तर बोला. मी ऐकायलाच आलेय."

तेव्हा अश्विनी आतल्या खोलीतून बाहेर आली. "बाबा, बास." मग मॅडमकडे वळून म्हणाली, "मी काही लपवलं नव्हतं. पुढच्या भेटीत मी त्याला स्वतः सांगणार होते. कधी सांगायचं, कसं सांगायचं, ते मी ठरवणार होते. ते तुमच्या मशिननं परस्पर सांगून टाकलं."

"हो," मॅडम म्हणाल्या. "ते तुमचं होतं. ते मला परत देता येणार नाही."

"मग काय देता येईल?"

"किती घरांत ते पान दिसलं, हे सांगता येईल. कुणाच्या घरात, ते सांगणार नाही, कारण त्यांची नावंही तुमच्या नावासारखीच माझ्याकडे विश्वासानं आलेली आहेत. पण तुमची परवानगी असेल तर त्या प्रत्येकाशी मी स्वतः बोलेन. नसेल तर कुणाशीच बोलणार नाही."

अश्विनी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. वडील तिच्याकडे बघत होते. शेवटी ती म्हणाली, "बोला. पण माझी बाजू मांडू नका. मी चांगली आहे, बिचारी आहे, असलं काही नको. चूक कशी झाली तेवढंच सांगा."

मॅडमनी मान हलवली. निघताना वडिलांनी मला, मॅडमना नाही, विचारले, "पाणी घेणार का?" आम्ही पाणी पिऊन निघालो.

दोन दिवस मॅडम फोन करत होत्या. मी शेजारी बसून ऐकत होतो. बहुतेकांनी दुसऱ्याचे नाव दिसताच पान बंद केले होते. एका बाईंनी पडद्याचा फोटो काढून बहिणीला पाठवला होता. मॅडम त्यांच्याशी इतक्या शांतपणे बोलल्या की बाईंनी तो पुसला आणि बहिणीलाही पुसायला लावला. मुलाची आई मात्र म्हणाली, "आम्हाला कळलं ते एका अर्थी बरंच झालं." मॅडम म्हणाल्या, "कळायचंच होतं, बाई. त्या मुलीच्या तोंडून कळायला हवं होतं." पलीकडून फोन ठेवला गेला.

ते स्थळ मोडले. ही गोष्ट गोड करून सांगण्यासारखी नाही, मॅडमनीही ती कधी गोड केली नाही.

काय घडले याची सूचना मंडळाच्या साइटवर लावायची असे मॅडमनी ठरवले. अण्णांनी पुन्हा हात जोडले. मॅडमनी सूचना लिहून त्यांच्यापुढे ठेवली. त्यात मुलीविषयी एक अक्षर नव्हते आणि खाली मंडळाऐवजी 'सुमन साळवे' असे नाव होते. अण्णा ती वाचून म्हणाले, "मॅडम, तुमचा धंदा बसेल." धंदा बसला नाही, पण काही जण सोडून गेले हे खरे आहे.

मग मॅडमनी सगळ्या साइटचे नियम उलटे केले. तोवर पद्धत अशी होती की सगळे साठवायचे आणि नको ते वगळायचे. आता काहीच साठवायचे नाही. जे साठवायचे ते एकेक करून नाव घेऊन लिहायचे. चित्रे, मुखपृष्ठ, सगळ्यांसाठी असलेली माहिती, एवढेच. वगळायचे काही विसरलो तर एखाद्याचे घर उघडे पडते. लिहायचे काही विसरलो तर एखादे पान थोडे हळू उघडते. विसरायचेच असेल तर दुसरे विसरावे, असा त्यांचा हिशेब होता. प्रत्येक साइटची फाइल आम्ही नव्याने लिहिली. त्या काळात ओरड खूप झाली. अंबरनाथच्या एका क्लासचे मालक येऊन म्हणाले, "मुलांच्या मार्कांचं पान स्लो झालंय, पहिल्यासारखं करून द्या." मॅडम नाही म्हणाल्या. ते दुसरीकडे गेले. त्यांची साइट तिथे चांगली पळते, असे ऐकतो. मॅडमनी त्यांच्याविषयी वाकडा शब्द काढलेला मी ऐकला नाही.

काही महिन्यांनी अश्विनी एकदा ऑफिसात आली. काही काम नव्हते. थोडा वेळ बसली आणि तिने विचारले, "त्या दिवशी तुम्ही घरी का आलात? फोनवर पण सांगता आलं असतं."

मॅडम म्हणाल्या, "फोनवर तुमच्या बाबांना मनासारखं बोलता आलं नसतं."

अश्विनी हसली. मी तिला हसताना तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. ती आज काय करते, कुठे आहे, हे तिच्या सांगण्यावरून इथे लिहीत नाही. ती आणि मॅडम अजून बोलतात, एवढे लिहायला तिची हरकत नाही.

मॅडमच्या कामाइतकाच त्यांचा लोभही आम्हाला मिळाला. माझी आई गावाकडे वांगणीला राहते. ती पडली आणि अंथरुणाला खिळली, तेव्हा मी तिथेच मुक्काम हलवला. मॅडम तिला भेटायला आल्या. आईने त्यांना खाटेशेजारी बसवून घेतले आणि तोंडावर सुनावले, "बाय, तू माज्या पोराला रविवारचा पन बोलावतंस. त्याची पोरा त्याला वलखतील का?" मी शरमेने मान खाली घातली. मॅडम म्हणाल्या, "चुकलं, आई." पुढच्याच आठवड्यापासून रविवारी फोन उचलायची पाळी लागली आणि पहिली पाळी मॅडमनी स्वतःकडे घेतली. आई पुन्हा चालू लागली तेव्हा तिने त्यांच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. मॅडमनी तो डबा ऑफिसात कुणालाही दिला नाही, हे मी साक्षीदार म्हणून नमूद करतो.

शनिवारी दुपारी कॅम्पातल्या विहाराच्या सभागृहात त्या बायकांना संगणक शिकवतात. नोकरी सुटलेल्या, लग्नानंतर शिक्षण थांबलेल्या बायका तिथे येतात. पहिला धडा टायपिंगचा नसतो. आपली कोणती माहिती कुणाला द्यायची नाही, हा असतो. आज सर्व्हरचे रोजचे काम बघणाऱ्या आमच्या दोघी सहकारी याच वर्गातून आल्या. त्यांच्यापैकी एकीने मध्यंतरी मॅडमच्याच नियमात चूक काढली. मॅडमनी ती तपासली, दुरुस्त केली आणि फाइलीत त्या ओळीपुढे तिचे नाव लिहिले.

मॅडममध्ये दोष नाहीत असे नाही. त्या सुट्टी घेत नाहीत. गुडघे दुखतात, डॉक्टरांनी जिना वर्ज्य केला आहे, तरी रोज वर येतात. या वर्षी मात्र यजमानांनी हट्टच धरला आणि दोघे चार दिवस कर्जतच्या पुढे एका गावी जाऊन राहिले. मोबाइलला तिथे रेंज नव्हती. परत आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधी मॅडमनी विचारले, "काही झालं का?"

आम्ही म्हणालो, "काही नाही झालं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, मॅडम."

त्या क्षणभर खट्टू झाल्यासारख्या दिसल्या. मग खुर्चीत बसल्या आणि समाधानाने हसल्या. आमच्या धंद्यात काही न होणे हीच सगळ्यात मोठी बातमी असते आणि ती त्यांना त्यांनीच शिकवलेल्या माणसांकडून मिळाली होती.

सुमनताईंनी साठ वर्षे पूर्ण केली. त्यांचे गुडघे बरे राहोत, शनिवारचा वर्ग भरत राहो, यजमानांची साथ अशीच असो. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्या आयुष्यात असे खूप दिवस येवोत की त्यांनी विचारावे आणि आम्ही खरेखुरे सांगावे, "काही नाही झालं, मॅडम. तुम्ही या सावकाश."